ब्रिटिश अभिनेत्री पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांचं काम पाहायचं तर सुरुवात कुठून करावी?

‘अ पॅसेज टू इंडिया’ (1984) या सिनेमापासून. मशिदीतला प्रसंग नीट पाहा: डॉक्टर अझीझ ओरडतो, त्या शांतपणे सांगतात की चपला काढूनच आत आलेय. आवाज जराही न चढवता त्यांची मिसेस मूर तिथेच उभी राहते. या भूमिकेसाठी 77व्या वर्षी सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

मग त्याच वर्षीची टीव्ही मालिका ‘द ज्युएल इन द क्राउन’, 14 भाग. पहिल्या भागात त्या दिसत नाहीत म्हणून मालिका सोडू नका. त्यांची बार्बी बॅचलर पुढे येते.

पण त्यांना फक्त सिनेमावरून जोखणं चूकच. खरी कारकीर्द रंगभूमीवरची. 1930 मध्ये ‘ऑथेल्लो’त पॉल रोबसनसमोर डेस्डेमोना, 1935 मध्ये ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएट. त्या ज्युलिएटच्या प्रयोगांत जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे नट रोमिओ आणि त्याचा मित्र मर्क्युशिओ आलटूनपालटून करायचे. ते आता पाहायला मिळणार नाही. सुदैवाने 1963 चं ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ (शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांवरून रचलेली तीन नाटकं) बीबीसीने चित्रित केलं. पंचावन्नीत त्या तरुण राणी मार्गारेट म्हणून येतात आणि तिसऱ्या नाटकात शाप देणारी म्हातारी होतात. तिन्ही नाटकं क्रमानेच पाहा, मधलं गाळलंत तर हे वय चढणं हातातून निसटतं.