आधी आकडा सांगा

‘आमच्या ह्यांनी बिटकॉइनमध्ये पैसे घातलेत. किती ते सांगत नाहीत. रात्री दोनला उठून मोबाइल बघत बसतात. विचारलं की म्हणतात, तुला त्यातलं कळत नाही. काय करू?’

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच तोंडांनी आला. कधी बायको विचारते, कधी आई, कधी पेन्शनीतले वडील. मी कणकवलीत समुपदेशन करते. येणारी माणसं देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडची. त्यातल्या एका घराची हकिगत सांगते. त्यांना विचारून सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई गावातल्या महिला बचत गटाच्या सचिव. यजमानांची हापूसची कलमं, वाडवडिलांपासूनची. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि झाडावर उरलेला आंबा रात्रीत खाली आला. पुढच्या महिन्यांत मुंबईच्या मावसभावाने त्यांना बिटकॉइन या आभासी चलनाची गोडी लावली. ते मला एकदा म्हणाले, “मॅडम, पेटी वाशीला जाते, मग दलालाची पट्टी येते. भाडं कापलेलं, हमाली कापलेली, भाव तो सांगेल तो. इथे मधला माणूसच नाही, हे मला पटलं.”

हे ऐकून घेणं फार गरजेचं असतं. ‘हाव सुटली’ असं म्हणून घरच्यांनी विषय संपवला, की समोरचा माणूसही तोंड मिटतो. ज्याचं उत्पन्न मोहोर, थ्रिप्सची कीड, अवकाळी आणि दलाल यांच्या हातात असतं, त्याला कुणाच्याच हातात नसलेली गोष्ट आवडली तर नवल नाही. बिटकॉइनची व्यवस्था खरोखरच तशी आहे. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी २००९ मध्ये ती सुरू केली. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत असा नियम त्यातच बांधलेला आहे, आणि व्यवहारांची वही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकसारखी राहते. बँक नाही, मॅनेजर नाही. मात्र त्यामुळेच काही चुकलं तर जाऊन विचारायला खिडकीही नाही.

त्यांनी पैसे घातले नोव्हेंबर २०२१ मध्ये, भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास असताना. वर्षभरात तो पाव हिश्श्यावर आला. त्याच सुमारास एफटीएक्स ही अशा नाण्यांची परदेशातली मोठी बाजारपेठ दिवाळखोरीत गेली, तेव्हा घाबरून यांनी आपली नाणी इथल्या ॲपवरून काढून स्वतःच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाण्यांच्या पाकिटात घेतली. असं वॉलेट उघडताना बारा इंग्रजी शब्द मिळतात. मोबाइल गेला तरी ते शब्द ओळीने घातले की नाणी परत हाताशी येतात. शब्द गेले तर मात्र कुणीच काही करू शकत नाही. यांनी ते वहीच्या पानावर जेल पेनने लिहिले, घडी घातली आणि माळ्यावर सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवली. घरात कुणाला पत्ता नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात मोबाइल जेटीवरून पाण्यात पडला. माळ्यावरची फाइल काढली तर कौल सरकून गळती लागलेली. कागद मी पाहिला आहे. घडीच्या रेषेवर शाई पसरून निळा डाग झाला होता. दहा शब्द वाचता येत होते, पण सातव्याची सुरुवातीची चार अक्षरं तेवढी राहिली होती आणि अकराव्याचं नुसतं शेपूट. बाई माझ्याकडे आल्या त्या यानंतर. त्यांना कागदाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना दिसत होता तो न झोपणारा, पोरावर खेकसणारा, ताट अर्धं टाकून उठणारा नवरा.

पुढे तेही आले. बसल्या बसल्या म्हणाले, “विकू की ठेवू तेवढं सांगा.”

ते सांगणं माझं काम नाही, आणि कुठल्याही समुपदेशकाने सांगितलं तर त्याच्याकडे परत जाऊ नका. मी विचारलं, “घातले किती?”

“चार लाख.” थोडं थांबून, “साडेचार.”

पुढच्या भेटीत ते सहा झाले. त्यातले दीड लाख विकास सोसायटीच्या पीककर्जातले होते, आणि ते थकलं होतं.

लोक असंच सांगतात, हप्त्याहप्त्याने. सगळं एकदम सांगितलं तर घर कोसळेल असं त्यांना वाटतं. पण चार ऐकून बायकोने मन घट्ट केलेलं असतं, मग साडेचार येतात, मग सहा. तिसऱ्या वेळी तिला पैशांचं काही वाटत नाही. आता याच्या कुठल्या शब्दावर विसंबायचं, हे कळेनासं होतं. म्हणून मी सांगते की एकाच बैठकीत पूर्ण आकडा सांगायचा. कर्ज, उसनवार, गहाण सगळं धरून, आणि कागद समोर ठेवून. का घातले, कुणी नादी लावलं, भाव कसा परत येणार आहे, हे सगळं नंतर. कारणं आधी सुरू झाली की आकडा राहूनच जातो.

त्यांनी ते घरी केलं, वडिलांसमोर. म्हातारबुवा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “पैशे गेले त्याचा माका काय नाय. वादळात कलमां मोडली तेव्हा रडलंय काय मी? पण सोसायटीचा कर्ज माज्या सातबाऱ्यावर आसा. ता माका आधी सांगूक होया होता.”

बाईंचा राग वेगळा होता, आणि तो माझ्या खोलीत बाहेर आला. ते मला बिटकॉइनची वही समजावून सांगत होते, की ती जगात कुणालाही उघडून बघता येते, काही लपत नाही. बाई मध्येच म्हणाल्या, “आमच्या गटाचं रजिस्टर दर महिन्याला मी मोठ्याने वाचते. कुणाचा हप्ता राहिला ते दहाजणींना कळतं. तुमची वही सगळ्या जगाला दिसते, फक्त मला नाही.” त्यावर यजमानांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. कुणाला विचारायची सोय नाही म्हणून ते टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये शिरले होते. तिथे ‘सपोर्ट’ म्हणवणारा एकजण म्हणत होता, बारा शब्द पाठवा, आम्ही दुरुस्त करून देतो. हे पाठवणारच होते. पण दोन शब्द वाचता येत नव्हते म्हणून ते लागेपर्यंत थांबले. शाई पसरली नसती तर उरलंसुरलंही गेलं असतं. घरच्यांपासून लपवलेली गोष्ट अशी परक्याच्या हाती जाते, हे मी इतरही घरांत पाहिलं आहे. ते शब्द मागणारा, मग तो कुणीही असो, चोरच समजावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

घरात सांगून झाल्यावर कागद भाच्यापुढे गेला. तो इंजिनिअरिंगला आहे. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतूनच येतात, आणि त्या यादीत पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द नसतात. म्हणजे सातवा लगेच सापडला. अकराव्यासाठी शेपटाशी जुळणारे शब्द एकेक घालून पाहिले. चुकीचा शब्द पडला तर वॉलेट बहुतेक वेळा तिथेच नाकारतं. मामा-भाचे रात्री बसले आणि काम झालं. एवढ्यासाठी माणूस महिनोन् महिने जळत होता.

झोपेचं काम त्याहून चिवट निघालं. शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो, हा बाजार रविवारी रात्रीही चालू असतो. नुसतं ‘बघू नका’ म्हणून उपयोग होत नाही. आम्ही भाव बघायची एक वेळ ठरवली, सकाळी बागेतून आल्यावर. मोबाइल रात्री ओटीवर राहायचा. मध्येच विचार आला तर कागदावर लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून त्याचीच काळजी करायची. पहिले आठवडे ते चिडले, मग वीस मिनिटं भरेनाशी झाली.

विकण्या-ठेवण्यात मी पडत नाही असं वर म्हटलं, पण कर्ज काढून घातलेली रक्कम मी वेगळी धरते. ती मानेवर असेपर्यंत झोप येत नाही. सीएकडे जाऊन त्यांनी निम्म्याहून थोडी जास्त नाणी तोट्यात विकली आणि सोसायटीचे पैसे भरले. कराची बाजू सीएनेच समजावली. २०२२ पासून यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो आणि तोटा दुसऱ्या कुठल्याच उत्पन्नातून वजा करता येत नाही.

तोटा भरून काढायला नवं कर्ज, बायकोचे दागिने गुपचूप गहाण, ‘मी नसलो तर बरं’ अशी भाषा, यातलं काहीही दिसलं तर भावाची वाट बघत बसू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मार्च २०२४ मध्ये भाव जुन्या उच्चांकाच्या वर गेला, डिसेंबरात एक लाख डॉलरच्या पुढे. तेव्हा लोक मला म्हणाले, बघा, त्यांचं बरोबरच होतं. भाव वर गेला हे खरं, पण बायकोला दोन वर्षं अंधारात ठेवलं ते त्याने बरोबर होत नाही. आणि भाव पडला असता म्हणून ते जास्त चूकही ठरलं नसतं.

त्या घरात अजून वाद आहे. ते म्हणतात, तेव्हा विकायला नको होतं. बाई म्हणतात, उरलेल्यातलं अर्धं काढून छप्पर करू या, सोसायटीच्या व्याजाचा हिशेब मी मांडून दाखवते. बारा शब्दांच्या दोन प्रती झाल्या आहेत, एक बँकेच्या लॉकरमध्ये, दुसरी कुठे ते दोघांना माहीत आहे. मला त्यांनी सांगितलेलं नाही, ते योग्यच केलं.