फेसबुक पेज बंद करून इन्स्टाग्रामवर जावं का?

ताई, तुमचं तारकर्लीला होमस्टे आहे, त्याच्या फेसबुक पेजवर टाकलेलं हल्ली फारसं कोणापर्यंत पोचत नाही, त्या कंपनीचाही राग आलाय आणि भाचा म्हणतो, ते बंद करून इन्स्टाग्रामवर या. माझं मत विचारलंत तर इन्स्टाग्राम जरूर उघडा, पण पेज बंद करू नका.

आधी रागाचं. इन्स्टाग्राम २०१२ मध्येच फेसबुकने विकत घेतलं, व्हॉट्सअ‍ॅप २०१४ मध्ये. थ्रेड्स हे ट्विटरसारखं अ‍ॅपही त्यांचंच. म्हणजे खोली बदलली तरी घरमालक तोच. रागावून जायचं तर पार दुसरीकडे जावं लागेल, आणि तिथे तुमचे पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे आहेत का, हे आधी बघा. मास्टोडॉन हे ट्विटरसारखंच, पण कोणा एका कंपनीचं नसलेलं, वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं नेटवर्क. तिथे एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना फॉलोअर सोबत नेता येतात, ही फार चांगली सोय आहे. पण मे महिन्यात खोली शोधणारं कुटुंब तिथे शोधत नाही.

नवीन जागेचाही भरवसा नसतो. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये, मराठीतही चालणारं कू २०२४ मध्ये. टिकटॉकवर तर जून २०२० मध्ये एका संध्याकाळी बंदी जाहीर झाली. ज्यांचं गिऱ्हाईक फक्त तिथेच होतं, त्यांना त्याच गिऱ्हाइकाला पुन्हा गाठायला दुसरी वाटच नव्हती.

म्हणून मी पाहुण्यांच्या फोन नंबरांवर सगळ्यात जास्त भर देतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवणाऱ्या यादीत, २५६ जण बसतात, पण मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. इथेच बहुतेकांचं अडतं. पाहुणे निघताना, गाडीत सामान भरत असतानाच, ‘माझा नंबर सेव्ह करा, आंब्याचं आणि पावसाळी दरांचं कळवत जाईन’ असं सांगा आणि समोरच करून घ्या. नंतर कोणी करत नाही. यादीवर मेसेजही मोजकेच टाका, रोजच्या सुप्रभातला माणसं कंटाळतात.

गूगल मॅपवरची नोंदही नीट करा. कसालला हायवे सोडून मालवणच्या रस्त्याला लागलेला माणूस इन्स्टाग्राम बघत नाही, नकाशा बघतो. तिथला फोन नंबर चालू हवा, आणि पावसाळ्यात तुम्ही उघडे आहात की नाही हेही लिहिलेलं हवं. त्या दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, लोक विचारतातच.

इन्स्टाग्रामचा खरा उपयोग अनोळखी लोकांसाठी. रील तुम्हाला फॉलो न करणाऱ्यालाही दिसू शकते. पण सूर्यास्त टाकू नका, तो सगळेच टाकतात. तव्यावर रवा लावलेला बांगडा परततानाचा आवाज टाका. खोली आणि बाथरूम दारापासून आतपर्यंत न कापता दाखवा. घरात म्हातारी माणसं असली की पहिली चौकशी बाथरूमचीच होते. तोच व्हिडिओ पेजवरही टाका, वेगळी मेहनत नाही.

पेज पुढे कधी बंद करावंसं वाटलंच तर आधी सेटिंग्जमधून सगळी माहिती उतरवून घ्या, जुने फोटो आणि मेसेज हाताशी राहतील.

तुमच्या रजिस्टरात गेल्या सीझनच्या पाहुण्यांचे नंबर आहेत का? असतील तर सांगा, त्यांना पहिला मेसेज काय पाठवायचा ते इथेच लिहून देतो.