हर्नियाच्या जाळीला शरीर 'धरतं' म्हणजे आत नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे की तुमच्या बाबांचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, प्लास्टिकची जाळी टाकली, डॉक्टर म्हणाले हळूहळू मांस जाळीला धरेल, अन् आता महिनाभराने टाक्यांखाली कडक पट्टी हाताला लागून राहिली तर घरचे घाबरले की शरीराने जाळी रिजेक्ट केली का.

भाऊ, आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. नागपूरच्या धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमधे हिस्टोचा, म्हणजे टिश्यूच्या स्लाइड बनवणारा, टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. ऑपरेशनमधून आलेला तुकडा फॉर्मालिनमधून काढायचा, मेणात बसवायचा, ४-५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप काढायचे, रंगवायचे अन् आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायचे हे माझं काम. रिपोर्ट मॅडम लिहितात, पण स्लाइड तपासून देताना आपला डोळा जातोच ना आत.

तर शरीर जाळी स्वीकारतही नाही अन् नाकारतही नाही. किडनी बदलल्यावर जे रिजेक्शन होतं ते दुसऱ्या माणसाच्या पेशींवरची प्रोटीनं परकी म्हणून ओळखल्यामुळे होतं, जाळीच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या दोऱ्यावर तसलं ओळखण्यासारखं काही नसतंच. शरीर काय करतं तर नको असलेल्या शेजाऱ्याशी आपल्याकडचा शेतकरी करतो तेच, त्याला हाकलता येत नाही, गिळता येत नाही, मग मधे धुरा, म्हणजे बांध, घालून टाकतो. अन् पुढचा सगळा खेळ तो धुरा किती जाड पडला अन् कसा पडला याचा.

हा धुरा ज्या मालाचा बनतो तो म्हणजे कनेक्टिव टिश्यू, शाळेत संयोजी ऊती म्हणून वाचलं असेल अन् विसरलो असू सगळेच. चामडीखालची सैल टिश्यू नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पाहिली तर पिंजलेल्या कापसासारखी दिसते, गुलाबी नागमोडी धागे अन् मधे मधे जांभळे लांबट ठिपके. धागे कोलॅजनचे, ठिपके फायब्रोब्लास्ट पेशींच्या न्यूक्लिअसचे, कोलॅजन बनवणारे कारागीर तेच. मधली जागा रिकामी वाटते पण तिथे पाणी धरून ठेवणारा जेल असतो, आमच्या प्रोसेसिंगमधे तो बराचसा निघून जातो अन् उरलेला रंग नीट घेत नाही म्हणून पांढरं दिसतं. हेच धागे एका दिशेने गच्च बसवले की टेंडन, आडवेतिडवे गच्च विणले की चामडीचा खालचा थर. मॅसन ट्रायक्रोम नावाचा रंग लावला की कोलॅजन निळं अन् स्नायू लाल, मला विचाराल तर आख्ख्या लॅबमधली सगळ्यात सुंदर स्लाइड तीच. फक्त मे महिन्यात काढायला लावू नका, ४५ डिग्रीत एसी बंद पडला की मेणाचा ब्लॉक लोण्यासारखा होतो अन् कापाला सुरकुत्या पडतात, आम्ही ब्लॉक बर्फावर ठेवून ठेवून कापतो.

कोलॅजन जास्त झालं तर काय होतं हे नागपूरकराला वेगळं सांगायची गरज नाही. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्या पोट्ट्यांचे गालाच्या आतले तुकडे येतात आमच्याकडे, सुपारीने तिथले फायब्रोब्लास्ट इतके चेकाळतात की वरच्या पातळ थराखाली कोलॅजनचा एकसलग गुलाबी पट्टा जमतो, ना त्यात रक्तवाहिन्या ना पेशी, अन् तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. तिथे कुठलं इम्प्लांट नसतं पण माल तोच.

आता जाळी. आत टाकल्याबरोबर, म्हणजे सेकंदांत, रक्तातली प्रोटीनं दोऱ्यावर चिकटतात, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन वगैरे. पेशींची गाठ प्लास्टिकशी पडतच नाही, पडते ती या प्रोटीनच्या लेपाशी. पहिले एकदोन दिवस न्यूट्रोफिलांची गर्दी, मग मॅक्रोफेज, दोन्ही शरीराच्या रखवालदार पांढऱ्या पेशी. मॅक्रोफेजचं काम गिळायचं, पण तो साधारण २० मायक्रॉनचा अन् जाळीचा दोरा १०० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून जाड, गिळणार कसा? मग हे मॅक्रोफेज एकमेकांत मिसळून एक मोठी पेशी होते, कधी कधी वीसतीस न्यूक्लिअस एकीतच, तिला जायंट सेल म्हणतात. तीही गिळू शकत नाही पण दोऱ्याला चिकटून बसते ती वर्षानुवर्षं बसते. त्यांच्या सिग्नलवर फायब्रोब्लास्ट येतात अन् कोलॅजन विणायला घेतात, आधी टाइप थ्रीचे बारीक धागे, नंतर त्याजागी टाइप वनचे जाड मजबूत. हर्निया होणाऱ्या बऱ्याच लोकांत मुळातच टाइप वनच्या मानाने टाइप थ्री जास्त सापडतं, म्हणजे कापड आधीच विरलेलं, म्हणून तर नुसतं शिवून भागत नाही अन् जाळी लावावी लागते.

काही कारणाने काढलेली जाळी आमच्याकडे आली की स्लाइडवर दोऱ्याच्या जागी बहुतेक वेळा गोल पांढरं भोक असतं, कारण कापताना-धुताना दोरा निघून जातो. भोकाच्या काठाला जायंट सेल चिकटलेल्या, त्यामागे मॅक्रोफेज अन् थोडे लिंफोसाइट (आणखी एक पांढरी पेशी), अन् बाहेरून कोलॅजन कांद्याच्या पापुद्र्यांसारखं गोल गोल. डॉक्टर 'मांस धरलं' म्हणतात ते हे. मांस म्हणजे स्नायू नाही धरत हं, धरतं ते कोलॅजन.

यात जाळीचं भोक केवढं हे लय महत्त्वाचं. ७५ मायक्रॉनपेक्षा मोठं असेल तर मॅक्रोफेज, फायब्रोब्लास्ट, बारीक रक्तवाहिन्या सगळे आरपार जातात. १० मायक्रॉनपेक्षा लहान असेल तर बॅक्टेरिया आत शिरतो, तो एखाद्या मायक्रॉनचाच असतो, पण मॅक्रोफेज शिरू शकत नाही, म्हणजे चोर घरात अन् पोलीस दारात. अन् दोरे फार जवळ जवळ असले की एका दोऱ्याचा धुरा शेजारच्या दोऱ्याच्या धुऱ्याला जाऊन मिळतो, आख्खी जाळी एकच कडक पत्रा होऊन आकसते. म्हणून आता मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांच्या हलक्या जाळ्याही वापरतात, त्यात दोन दोऱ्यांच्या मधे चरबी अन् सैल टिश्यू राहते.

मला स्वतःला ही गोष्ट फुकटात शिकायला मिळाली. माझं अपेंडिक्स काढलं होतं एका दवाखान्यात, वर्षभराने टाक्याजवळ वाटाण्याएवढी गाठ आली, मधून मधून पाणी सुटायचं. बायकोने टीबी ठरवूनच टाकला होता, सासूबाईंनी लोकांना सांगूनही झालं. दुसऱ्या सर्जनने गाठ काढली अन् ती आली आमच्याच लॅबला, माझा ब्लॉक मीच कापला. ग्रॅन्युलोमा होता, म्हणजे मॅक्रोफेज जमून झालेली गाठ, टीबीतही होते तशी, जायंट सेल भरपूर, मॅडम दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत तेवढ्यात माझा जीव वरखाली. टीबीत दिसणाऱ्या जायंट सेलमधे न्यूक्लिअस बऱ्याचदा काठाने घोड्याच्या नालीसारखे लागलेले असतात, माझ्यात अस्ताव्यस्त विखुरलेले होते, पण नुसतं तेवढ्यावर भागत नाही म्हणून टीबीचे जंतू दाखवणारा झेडएन रंगही केला, निगेटिव. मग मॅडमने मायक्रोस्कोपचा पोलरायझर (प्रकाश गाळणारी काच) फिरवला अन् काळ्या पडद्यावर दोऱ्याचे तुकडे चमचम चमकायला लागले. रेशमाचा टाका! रेशीम प्रोटीनचं, वरून पिळलेलं, शरीर त्याच्यावर नायलॉनपेक्षा जास्त चिडतं. आत न विरघळणारी गाठ ठेवली आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, नाहीतर सासूबाईंचा फोनचा खर्च वाचला असता.

गिळता न येणाऱ्या मोठ्या वस्तूपेक्षा गिळता येणारी बारीक पूड जास्त त्रास देते, हे उलटं वाटेल पण आहे. सांधे बदलणारे इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी आधी खुब्यात टेफ्लॉनची वाटी वापरली, ती घासून घासून पूड झाली अन् तिच्याभोवती ग्रॅन्युलोमा होऊन सांधे फेल गेले. मग त्यांनी टेफ्लॉन अन् नवीन पॉलिइथिलीन दोन्ही स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं अन् काय होतं ते पाहिलं, टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या. १९६२ पासून त्यांनी पॉलिइथिलीनची वाटी वापरली. पूड त्याचीही पडते, मायक्रॉनपेक्षा बारीक कण मॅक्रोफेज गिळतो पण पचवू शकत नाही, अन् चिडून जे सिग्नल सोडतो त्याने आजूबाजूचं हाड विरतं. गुडघा-खुबा पंधरावीस वर्षांनी सैल पडतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. जाळी अशी घासत नाही, त्यामुळे बाबांना हा प्रश्न नाही.

तर ती कडक पट्टी. महिनाभरात टाक्यांखाली हाताला लागते ती बहुतेक नवीन कोलॅजनची, अन् ती लागायलाच पाहिजे. तीनेक महिन्यांत जखमेची ताकद मूळच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत जाते, पट्टी तोपर्यंत मऊ होत जाते. पण लाल झाली, गरम लागली, पू-पाणी आलं, ताप आला किंवा खोकताना तिथे परत फुगवटा दिसला तर माझं उत्तर वाचत बसू नका, सरळ सर्जनकडे जा. बाबा खर्रा किंवा बिडी घेत असतील तर ते मात्र आजच बंद करा, तंबाखूने नवीन कोलॅजन नीट विणलं जात नाही. अन् डिस्चार्जच्या कागदावर जाळीच्या पाकिटाचं स्टिकर लावलंय का बघा, कंपनी अन् लॉट नंबर असलेलं, नसेल तर मागून घ्या अन् फोटो काढून ठेवा. पुढे कधी काढायची वेळ आली अन् तुकडा आमच्यासारख्यांकडे आला तर आत कोणता दोरा होता ते त्या गोल पांढऱ्या भोकाकडे बघून सांगता येत नाही.