गाडीवाल्यांचे प्रश्न: कोटीची गाडी आणि हाताने टाकायचा गिअर

प्रश्न: भाऊ नमस्कार. रावेर तालुक्यात केळीची शेती आहे, ट्रॅक्टर आणि जीप दोन्ही लहानपणापासून चालवतोय. तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं की नवीन मॅन्युअल स्पोर्ट्स कार चालवायला मिळाली, पण चालवून कसं वाटलं ते काहीच लिहिलं नाही. आमचा मुलगा तर सरळ सांगतो, "आप्पा, आते ऑटोमॅटिकना जमाना शे." खरं काय ते सांगा.

उत्तर: आप्पा, आकड्यांत बघितलं तर तुमच्या पोऱ्याचं बरोबरच आहे. मी चालवली ती बीएमडब्ल्यू झेड-फोर एम-फोर्टी-आय, 2025 ला आपल्याकडे सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आली ती. हीच गाडी आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पण आली आणि कंपनीच्या आकड्यांप्रमाणे शून्य ते शंभर ऑटोमॅटिक 4.5 सेकंदात जाते, मॅन्युअल 4.6 मध्ये, आणि ते 4.6 पण गिअर एकदम परफेक्ट पडला तर, तुमच्या-माझ्या हाताने नाही. वर लॉन्चच्या वेळी मॅन्युअलची किंमत ऑटोमॅटिकपेक्षा लाखभर जास्तच होती, 98 लाखांच्या आसपास एक्स-शोरूम. म्हणजे जास्त पैसे देऊन थोडी हळू गाडी घ्यायची, पोरगा हसणारच ना.

पण मी ती चाळीसगावहून कन्नड घाटात नेली, सकाळी लवकर, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत, आणि मला विचाराल तर मी मॅन्युअलच घेईन, सेकंदाचा दहावा भाग गेला तरी चालेल.

आधी इंजिन सांगतो. तीन लिटर, एका ओळीत सहा सिलिंडर, टर्बो (म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), 340 हॉर्सपॉवर आणि 500 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, आणि हा टॉर्क 1600 आरपीएमपासूनच (इंजिनचे मिनिटाला फेरे) पूर्ण मिळायला लागतो. आजच्या टर्बो मॅन्युअल गाड्यांचा खरा प्रश्न मला इथेच दिसतो. इंजिन खालूनच इतकं ओढतं की गिअर बदलायची गरजच पडत नाही, चाळीसच्या स्पीडला तिसऱ्यात ठेवा आणि अख्खा घाट चढून जा, गाडी तक्रार करणार नाही. जुन्या नॉन-टर्बो इंजिनला असं जमायचं नाही, चढाला दुसरा टाकावाच लागायचा, म्हणून तिथे हात-पाय आपोआप कामाला लागायचे. इथे ते काम तुम्हाला स्वतःहून मागून घ्यावं लागतं. मी मुद्दाम दुसऱ्यात ठेवून चार-साडेचार हजारापर्यंत फिरवत नेली आणि मग तिसरा, तेव्हा कुठे त्या सहा सिलिंडरचा आवाज खुलला, खालच्या आरपीएमला घोगरा असतो तो वर जाऊन एकदम स्वच्छ होतो, आणि आपण कधी क्लच दाबला यावर तो तुटतो आणि परत जोडला जातो, हे आपल्या पायात असतं. ऑटोमॅटिकमध्ये हाच आवाज मिळतो पण तो कधी तोडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो.

लिव्हरबद्दल खरं सांगायचं तर गिअर पडतो व्यवस्थित, चुकून भलताच लागेल अशी भीती नाही, पण खटका मला अजून कडक हवा होता, थोडा रबरासारखा वाटतो. क्लच जड नाही. जळगावात इच्छादेवी चौकातून अजिंठा चौकाकडे जाताना ट्रकमागे रखडत गेलो तरी पाय भरून आला नाही, हे मला अपेक्षित नव्हतं. बसायची जागा मात्र वेगळीच आहे, समोर लांबलचक बॉनेट आणि तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले, म्हणून गाडी वळताना आधी नाक जातं आणि मग मागची बाजू कशी येतेय ते कमरेला कळतं. ताकद मागच्या चाकांना जाते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर किती द्यायचा याचा अंदाज पायालाच घ्यावा लागतो. स्टीअरिंग अचूक आहे पण रस्त्याची खबर हाताला कमी देतं.

आता खान्देशात काय? सीटा दोन, गाडी जमिनीला टेकलेली, गावातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा. कपड्याचं छत दहा सेकंदात उघडतं, चालत्या गाडीतही 50 च्या स्पीडपर्यंत, पण एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस डिग्रीत कोण उघडणार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र त्याच्यासारखं सुख नाही. आणि हायवेवर तिसरा गिअर पूर्ण ताणायच्या आतच कायद्याची मर्यादा संपते, उरलेले तीन फक्त क्रूझिंगला. म्हणून माझं मत असं की या गाडीची मजा सरळ रस्त्यावर नाहीये, तीस ते सत्तरच्या मध्ये आहे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, वळणांवर. पोराला एकदा तिथे घेऊन जा आणि स्टीअरिंग त्याच्या हातात द्या.

प्रश्न: दादा, मी धुळ्यात नोकरी करते, गाडी स्वतः चालवते. लळिंग घाटात तिसऱ्यातून दुसरा टाकला की गाडीला झटका बसतो, मागे बसलेले ओरडतात. नवीन स्पोर्ट्स गाड्यांत म्हणे हा झटका बसतच नाही, ते कसं?

उत्तर: ताई, तुम्ही तिसऱ्यात 3000 आरपीएमला असाल तर त्याच स्पीडला दुसऱ्यात इंजिनला साधारण 4300 ते 4500 फिरावं लागतं. क्लच दाबल्यावर आपण पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, त्यामुळे इंजिन उलट खाली येतं, आणि क्लच पटकन सोडला की चाकं त्याला जबरदस्तीने वर ओढतात. तोच झटका. नवीन गाड्यांत रेव्ह-मॅचिंग असतं, तुम्ही लिव्हर दुसऱ्याकडे नेली की कॉम्प्युटर स्वतःच इंजिन वर नेऊन ठेवतो. झेड-फोरला आहे, तिची बहीण टोयोटा सुप्रा (दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला एकाच कारखान्यात बनलेल्या) तिला 2022 ला मॅन्युअल आली तेव्हा तिच्यातही दिलं, आणि ते बंदही करता येतं.

तुमच्या गाडीत हे पायाने करायचं. वळणाच्या आधीच ब्रेक लावून स्पीड कमी करा, मग क्लच दाबा, दुसरा टाका, क्लच सोडायच्या आत ॲक्सिलरेटरला एक छोटी टिचकी द्या आणि मग क्लच सोडा. सुरुवातीला टिचकी कमी-जास्त होईल, कानाला आठ-पंधरा दिवसांत सवय होते. उजव्या पायाने ब्रेक धरून त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटर द्यायची हील-टो पद्धत रिकाम्या रस्त्यावर पक्की झाल्याशिवाय घाटात करू नका. उतरताना दुसरा-तिसरा ठेवायची तुमची सवय मात्र सोडू नका, फक्त ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात आणि धरत नाहीत. आणि गिअर टाकून झाला की डावा पाय क्लचवरून पूर्ण काढून बाजूला ठेवत जा, नुसता टेकवून ठेवला तरी क्लच प्लेट झिजते.

प्रश्न: शहाद्याला असतो, तोरणमाळला महिन्यातून एकदा तरी जातो. वीस लाखांच्या आसपास बजेट, घरचे चौघं बसले पाहिजेत, पण गिअर हातानेच टाकायचाय. काय घेऊ?

उत्तर: फोक्सवॅगन व्हर्टस, तिला दीड लिटर टर्बो, 150 हॉर्सपॉवर, 250 न्यूटन मीटर आणि सहा गिअरची मॅन्युअल. डिकी मोठी, ग्राउंड क्लिअरन्स आपल्या रस्त्यांना पुरेल असा. मॅन्युअल कोणत्या व्हेरियंटमध्ये चालू आहे ते बुकिंगच्या आधी शोरूमला विचारून घ्या, कंपन्या मॅन्युअलच आधी बंद करतात. ही स्पोर्ट्स कार नाही, पुढच्या चाकांवर चालणारी सेडान आहे, जोरात दिलं तर दुसऱ्यात पुढची चाकं सरकतात. पण तोरणमाळच्या त्या बारीक वळणांवर तुम्हाला दर वळणाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करावं लागेल आणि त्या कोटीच्या गाडीपेक्षा हात जास्त चालेल. टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सरळ रस्त्यावर घेऊ नका, चढ असलेल्या रस्त्याला नेतो म्हणा, सेल्समन कुरकुर करेल पण येतो.