नुसतं वेबपान उघडल्याने कॉम्प्युटर धोक्यात कसा येतो?

भाड्याची खोली सोडली, पण जुनी किल्ली खिशातच राहिली, असं समजा. तसंच, दोष असला की ब्राउझर मेमरीचा तुकडा परत करतो, पण त्याचा पत्ता जपून ठेवतो. मधल्या वेळात वेबपानावरची स्क्रिप्ट (पानासोबत चालणारा छोटा प्रोग्राम) त्याच जागी स्वतःचा डेटा भरते आणि ब्राउझर तो आपलाच समजून वापरतो. याला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. २०१९ मध्ये क्रोमच्या फाइलरीडरमध्ये, म्हणजे वेबपानाला निवडलेली फाइल वाचू देणाऱ्या भागात, हाच दोष निघाला. १ मार्चला दुरुस्ती आली, पण हल्ले आधीच सुरू झाले होते. विंडोज ७ मधल्या दुसऱ्या एका दोषाची जोड देऊन सँडबॉक्सही, म्हणजे ब्राउझरला बाकी कॉम्प्युटरपासून वेगळं ठेवणारं कुंपणही, ओलांडलं जात होतं.

एक कळकळीने सांगतो, अपडेट नुसतं उतरून भागत नाही. ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करा, तेव्हाच ते लागू होतं.