सोन्याची वेदी कोणासाठी?

प्रश्न : रेवदंड्याच्या कोटातील पोर्तुगीज चर्चचे भग्नावशेष आम्ही नेहमी पाहतो. अलीकडे जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिका पाहिली. बाहेरून तांबूस व रुक्ष, आत मात्र सोन्याचा झळाळ. हा थाट देवासाठी होता की राजासाठी? (एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : दोघांसाठी होता, आणि बरोक शैलीत, म्हणजे सतराव्या शतकात युरोपात बहरलेल्या भव्य व अलंकृत कलाशैलीत, हे दोन हेतू वेगळे काढणे फार कठीण आहे. प्रॉटेस्टंट सुधारकांनी चर्चमधील मूर्तींवर व चित्रांवर हल्ला चढविल्यानंतर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रतिमांचा जोरदार पुरस्कार केला. श्रद्धा डोळ्यांवाटे मनात उतरावी, या आग्रहातून पुढे रोममध्ये बरोक कला बहरली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने तोच भव्यपणा व्हर्सायच्या राजवाड्यात स्वतःच्या सत्तेसाठी वापरला.

गोव्यात तर राजा आणि चर्च एकमेकांत गुंतलेलेच होते. पोपने दिलेल्या ‘पाद्रोआदो’ या अधिकारानुसार पूर्वेकडील बिशपांची नावे पोर्तुगालचा राजा सुचवी आणि चर्चच्या खर्चाचा भारही उचली. बॉम जेझुसचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. आत बाजूच्या दालनांचा फाटा नसल्याने दारातून पाऊल टाकताच नजर सरळ मुख्य वेदीवर जाते. खाली बाल येशू, त्याच्यावर जेझुइट या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती, त्याहून वर किरणांनी वेढलेले येशूच्या नावाचे अक्षरचिन्ह (IHS) आणि सर्वांत वर पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा: पाहणाऱ्याची दृष्टी पायरीपायरीने वर नेण्याची ही योजना मला या वास्तूचे खरे मर्म वाटते. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव जिच्यात आहे ती चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. तिच्याखालची संगमरवरी समाधी मात्र टस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेली असून ती फ्लॉरेन्सचा शिल्पकार फॉज्जिनी याची निर्मिती आहे.

बाहेरचा रुक्षपणा मूळचा नव्हे. जांभ्याच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता, तो विसाव्या शतकात काढला गेला. उघड्या जांभ्यात पावसाचे पाणी मुरते, म्हणून तो पुन्हा चढविला जावा असे मला मनापासून वाटते. दर्शनी भागातील कोरीव काळा दगड आपल्या वसईकडून नेलेला आहे.

बरोक शैलीचा प्रभाव चर्चपुरताही राहिला नाही. शाहू महाराजांच्या काळात, १७३८ च्या सुमारास, उभे राहिलेले गोव्यातील कवळ्याचे शांतादुर्गा मंदिर पाहिल्यास त्याच्या घुमटात आणि कमानदार खिडक्यांत तिच्या खुणा सहज दिसतील.