बेस ॲम्प आणि जोडीचा दुसरा बॉक्स: तुमचे प्रश्न

लग्नाचा सीझन आणि मग गणपती, या दोन्हींच्या आधी बेस गिटारवाल्यांचे मेसेज वाढतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं, पैसे घालून हेडला (स्पीकर नसलेल्या ॲम्पला) अजून एक स्पीकरचा बॉक्स जोडला पण पाहिजे तो आवाज काही येत नाही. या वेळी त्यातलेच काही प्रश्न घेतोय.

पंचवटीतून एक ऑर्केस्ट्रावाले लिहितात: सर, माझ्याकडे दहा इंची चार स्पीकरचा बॉक्स होता, अगदी तसाच दुसरा सेकंडहँड घेतला. एकेक लावला तर दोन्ही चांगले वाजतात, दोन्ही एकत्र लावले की बेसच गायब. नवीन बॉक्स खराब निघाला का?

खराब नाही हो, बहुतेक आतून उलटा जोडलेला आहे. आधी कुणीतरी स्पीकर बदलताना नाहीतर मागचा जॅक सोल्डर करताना प्लस-मायनसची अदलाबदल केली की हे होतं. एका बॉक्सचे पेपर, म्हणजे कोन, बाहेर येतात तेव्हाच दुसऱ्याचे आत जातात आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, वरचा बोटांचा टकटकाट तेवढा उरतो. म्हणून एकेकटा ठीक आणि दोघं मिळून पातळ.

तपासायला एक साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. हेड बंद करा, स्पीकरची वायर हेडच्या बाजूने काढा, बॉक्सला लागलेली राहू द्या. मोकळ्या जॅकच्या टोकाला सेलचा प्लस आणि दांडीला मायनस, क्षणभरच टेकवायचं. जाळीतून टॉर्च मारून बघा, टप्प असा आवाज येतो आणि पेपर बाहेर सरकायला हवा. आत ओढला गेला तर तोच उलटा. चारही स्पीकर नीट बघा, कारण कधीकधी चारातला एकच उलटा असतो आणि मग तो बॉक्स एकटा लावला तरी मरगळलेला वाजतो. दुरुस्ती बॉक्सच्या आत करा, वायरीत नको, कारण ती वायर उद्या दुसऱ्या बॉक्सला लागणार आणि परत तोच घोळ.

हे झालं की दोन्ही बॉक्स एकावर एक उभे रचा, शेजारी शेजारी नको. शेजारी ठेवले की समोर बसलेल्यांपैकी काहींना आवाज भरीव लागतो आणि चार खुर्च्या सोडून बसलेल्याला पोकळ. उभे रचले की वरचा बॉक्स तुमच्या कानाजवळ येतो, हा फायदा वेगळाच, नाहीतर आपण नेहमी स्वतःच्या पोटऱ्यांनाच बेस ऐकवत असतो.

सातपूरहून: हेडच्या मागे 500 वॅट आणि कमीत कमी 4 ओहम लिहिलंय. माझा चार-दहाचा बॉक्स 8 ओहमचा आहे, मित्र त्याचा पंधरा इंची 4 ओहमचा स्वस्तात देतोय. जोडू का?

नका जोडू. ओहम म्हणजे बॉक्सचा विरोध, तो जितका कमी तितका करंट हेडला जास्त द्यावा लागतो. हेडला दोन बॉक्स लावले की ते पॅरलल, म्हणजे समांतर, जोडले जातात आणि एकूण ओहम कमी होतात. 8 आणि 8 चे 4 होतात, पण 8 आणि 4 चे साधारण 2.7. काही हेड तेवढं खाली जातात, तुमच्यावर स्पष्ट 4 लिहिलंय. सुरुवातीला वाजेलही, आणि मग मे महिन्यात लॉन्सवर तिसऱ्या-चौथ्या गाण्याला हेड तापून बंद पडेल. दुसरं, 4 ओहमवाला बॉक्स दोन तृतीयांश ताकद स्वतःकडे ओढतो, म्हणजे तो एकटा पंधरा इंची स्पीकर सगळ्यात जास्त मार खाणार आणि तुमचे चार दहा इंची आरामात बसणार. पहिला फाटणार तो पंधरा.

घ्यायचाच तर 8 ओहमचा घ्या. पण तेव्हाही अर्धी ताकद एका स्पीकरला आणि उरलेली अर्धी चौघांत वाटून जाते, म्हणून पंधरा इंचीवर लिहिलेले वॅट आरएमएस (सतत पेलणारे) आहेत का ते बघा, पीक (क्षणभराचे) नकोत. मला विचाराल तर एकाच जातीचे दोन बॉक्स केव्हाही बरे, "दहाने पंच, पंधराने खोली" हे ऐकायला छान वाटतं पण वेगवेगळे बॉक्स मधल्या सुरांत एकमेकांशी भांडतात. सेकंडहँड बॉक्सचं लेबल निघालेलं असेल तर वायरीच्या टोकाला मल्टिमीटर लावा, 8 ओहमचा बॉक्स साधारण 6 च्या आसपास दाखवतो, 4 चा तीन-साडेतीन. मीटर नेहमी थोडं कमीच दाखवतो, घाबरू नका.

वॅटच्या मागे मात्र लागू नका. वॅट दुप्पट केले तर वाढतात 3 डेसिबल, कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण 10 लागतात. सारखाच दुसरा बॉक्स जोडला की जास्त पेपर हवा ढकलतात आणि ट्रान्झिस्टर हेड 4 ओहमवर जास्त ताकदही देतं, दोन्ही मिळून 6 पर्यंत जाऊ शकतं. 1969 मध्ये आलेलं ॲम्पेगचं एसव्हीटी 300 वॅटचंच होतं, पण त्याच्याखाली दहा इंची आठ स्पीकरची पेटी असायची, दम त्या पेपरांचा होता. (असलं व्हॉल्व्हचं हेड कुणाकडे असेल तर ओहमचा स्विच बॉक्सशी जुळवूनच लावा आणि बॉक्स न जोडता कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.)

कॉलेज रोडवरून एक विद्यार्थी: दादा, घरी माझा टोन एकदम भारी येतो, बँडमध्ये गेलो की मी ऐकूच येत नाही. दुसरा बॉक्स घेऊ का?

थांब, पैसे वाचव. तुझं सेटिंग न बघता सांगतो, बेस पूर्ण वर, ट्रेबल वर आणि मिड, म्हणजे मधले सूर, खाली. घरी हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून आपण बेस वाढवतो आणि ते गोडही लागतं. पण बँडमध्ये खाली किक ड्रम बसलाय, ढोलकीची धुम आहे, ऑक्टोपॅड आहे आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आहे, वर सिंबल आणि गिटार. तू नेमकी तीच जागा मागतोयस जिथे आधीच गर्दी आहे आणि जी मोकळी होती ती, म्हणजे मिड, स्वतःच सोडून दिलीस.

बेसची मोकळी खालची ई तार 41 हर्ट्झवर आहे, पण ती "ई" आहे हे कानाला कळतं ते बरंचसं वरच्या पटींमुळे, 82, 123, 164 आणि पुढे. म्हणून असं कर. सगळी बटणं मधोमध आण. गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब) जोरात तार मारून इतका वाढव की क्लिपचा, म्हणजे सिग्नल जास्त झाल्याचा, दिवा कधीतरी चमकेल, मग किंचित खाली घे. बेस ॲक्टिव्ह (बॅटरीवाला) असेल तर हेडवरचा पॅडचा, म्हणजे सिग्नल कमी करणारा, स्विच दाब. आता सगळा बँड वाजत असताना, एकटा असताना नाही, 400 ते 800 हर्ट्झच्या आसपासचा मिड हळूहळू वाढवत जा, एका जागी तू अचानक "दिसायला" लागशील. मग 200-250 च्या जवळ थोडं कमी कर, चिखल तिथे असतो. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवत असशील तर 2 ते 3 हजाराला जरा हात लाव, नाहीतर नको. हा टोन एकट्याने ऐकलास तर नाकातला, कोरडा वाटेल, वाटू दे, तो गाण्यात बसतो.

आणि कीबोर्डवाल्याला प्रेमाने सांग, बेस आहे तिथे डावा हात जरा वर घे. माझ्या मते यानेच निम्मं काम होतं.

नाशिकरोडवरून चर्चच्या बँडमधला एक वाचक: प्रॅक्टिसच्या खोलीत "ए" वाजवला की खोली घुमते, बाकी सूर ठीक. तोच सेट मोकळ्या मैदानात नेला तर बेसच नाही. ॲम्पमध्ये दोष आहे का?

खोली दहा बाय दहाची आहे ना? मग दोष ॲम्पचा नाही, भिंतींचा आहे. दहा फुटी भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा सूर अडकून उभा राहतो आणि बेसची मोकळी ए तार 55 ची. लांबी-रुंदी सारखी म्हणजे तोच सूर दोन्हीकडून घुमणार, छतही दहा फुटांवर असेल तर तिन्हीकडून. बॉक्स कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून वेगवेगळ्या अंतरावर सरकवून बघा, तुम्ही स्वतःही खोलीच्या जरा वेगळ्या जागी उभे राहा, फरक लगेच कळेल. त्यावरही राहिलं तर 55 च्या आसपास अरुंद कट द्या. प्लायवूडच्या पोकळ स्टेजवरही बॉक्स घुमतो, तिथे खाली जाड रबर किंवा फोम टाका.

मैदानात उलट. गंगापूर रोडच्या लॉन्सवर किंवा डोंगरे वसतीगृहाच्या मैदानावर मागे भिंतच नसते, त्यामुळे खोलीत फुकट मिळणारा बेस तिथे मिळत नाही आणि नॉब फिरवून तो आणायला गेलात तर पेपर फाटेल. तिथे स्टेजचा बॉक्स स्वतःला ऐकण्यापुरता ठेवा आणि हेडच्या डीआयमधून (मिक्सरला थेट सिग्नल देणाऱ्या जॅकमधून) साउंडवाल्याला लाइन द्या, शक्यतो प्री-ईक्यू (टोनच्या नॉबच्या आधीची), म्हणजे तुम्ही नॉब हलवलात तरी त्याचं मिक्स बिघडत नाही.

सिडकोतून: हेडपासून बॉक्सपर्यंत गिटारचीच लीड लावली तर चालते का, जॅक तर सारखाच आहे?

जॅक सारखा, आतली वायर नाही. लीडमध्ये मधली तार बारीक आणि भोवती जाळी, ती तापते आणि ताकद खाते, आत शॉर्ट झाली तर हेडवर बेतते. जाड दोन तारांची स्पीकर वायर घ्या, हेडला स्पीकॉन (फिरवून लॉक होणारा स्पीकरचा जॅक) असेल तर तोच वापरा, नाचताना कुणाचा पाय लागला तरी निघत नाही.

ओझरहून: जनरेटरवर वाजवताना सतत हम (घूं असा आवाज) येतो, थ्री-पिनची मोठी पिन काढली की थांबतो. तसंच ठेवू का?

अजिबात नाही, ती पिन आजच परत लावा. ती अर्थिंगची आहे. आत फॉल्ट आला तर करंट तारांमधून तुमच्या हातात, आणि दुसरा हात माइकवर असतो. हम बहुतेक ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या पॉइंटवर असल्यामुळे येतो, दोन्हींना एकाच बोर्डावरून सप्लाय घ्या, नाही थांबला तर डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा, तो फक्त सिग्नलचा ग्राउंड तोडतो. जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवून बघा, दोन पिकअप, म्हणजे तारांखालचे चुंबक, एकमेकांचा हम मारतात, एक कमी केला की परत येतो. आणि जनरेटरवाल्याकडून अर्थचा खिळा जमिनीत ठोकून घ्या, आजूबाजूची माती कोरडी असेल तर बादलीभर पाणी ओता.